उतारा

डिचोलीच्या शाळेत चौतीस वर्षं शेकडेवारी शिकवली,
त्यामुळे हे मला कुणी समजवावं लागलं नाही:
लाभांश वर, भाव खाली, मध्ये आडवी रेघ,
गुणिले शंभर.
पेपरात त्याला लाभांश उतारा म्हणतात.
घाटावर उतारा तलाठी देतो, आमच्याकडे तो कागद एक-चौदा,
म्हणून सगुणला उतारा म्हटलं की फक्त फेणी आठवते
आणि तिची दुसरी सकाळ.

आम्ही दोघांनी एकाच साली एकाच कंपनीवर भरवसा टाकला.
त्याने तिचा दहा चाकांचा टिपर घेतला, सोसायटीचं कर्ज काढून.
मी तिचे दोनशे शेअर घेतले, शिकवण्यांच्या पैशांतून,
त्याला न सांगता.
टिपरला झेंडूची माळ, चाकाखाली लिंबू.
शेअरला काय घालणार?

तेव्हा दिवसाला पाच खेपा व्हायच्या,
खाणीवरून धक्क्यावर, धक्क्यावर बार्ज.
रात्री सगुण नोटा मोजायचा, बोटं तांबडी.
मी वहीच्या शेवटच्या पानावर लिहायचे,
भाव तीनशे तेहतीस, उतारा एक पूर्णांक दोन दशांश,
कॉपी लपवणाऱ्या पोरासारखी
वरून हात धरून.

मग खाणी बंद.
टिपर फणसाखाली उभा राहिला तो राहिलाच.
हौद्यात पाणी साचलं, पाण्यात बेडूक आले.
शेअरही घसरत घसरत एकशे पाचवर.
आणि उतारा वाढला.
तीन पूर्णांक आठ.

मुलं इथेच चुकायची.
छेद लहान झाला की अपूर्णांक मोठा होतो,
त्यात कुणाचं भलं झालेलं नसतं.
शेअरमागे चार रुपये, दोनशेचे आठशे,
तेव्हाही आठशे, आताही आठशे.

त्या वर्षी चवथीआधी मी त्याला सांगून टाकलं.
वाटलं, भांडेल.
"म्हणजे कंपनी आमकां पयशे दिता?"
हो.
"गाडी चलना तरी?"
गाडी चालत नाही तरी.
तो बराच वेळ माटोळीच्या काठ्या बांधत राहिला.
सकाळी कॅन घेऊन गेला, आठशेचं डिझेल घेऊन आला.

इंजिन बसू नये म्हणून मग दर वर्षी हेच.
कंपनीचा पैसा कंपनीच्याच टाकीत.
दहा मिनिटं टिपर थरथरतो,
फणसावरचे कावळे उठतात,
शेजारची प्रेमावती शिव्या घालत कपडे आत नेते,
आणि सगुण वर बसून राहतो,
स्टिअरिंगवर हात,
समोर आमची विहीर.

एका वर्षी कंपनीने काहीच दिलं नाही. तोटा.
"आयले?" सगुणने विचारलं, कॅन हातात.
मी पेन्शनमधले आठशे दिले. आयले.
वहीत मात्र शून्यच लिहिलं.
हिशेबात मी खोटं लिहीत नाही.

ह्या मार्चमध्ये म्हापशाहून भंगारवाला आला.
किलोचा भाव, त्यात टायरचे वेगळे.
"टीचर, हांगा सही."
सही केली. सगुण मागच्या दारी नारळ सोलत होता,
लागणार नव्हते एवढे सोलले.
बेडूक कुठे गेले, कुणास ठाऊक.

शेअर आता सहाशेच्या वर आहे.
कुठेतरी नवे ट्रक जोरात खपत असणार.
लाभांश पुन्हा सुरू, तेच चार रुपये,
उतारा अर्ध्या टक्क्याच्या जरा पुढे.
विकावेत, असं शेजारचा पोरगा म्हणतो, त्याला कळतं.
"विकूं नाका," एवढंच सगुण म्हणाला.

फणसाखाली दहा चाकांची जागा अजून बोडकी आहे.
बाकी सगळीकडे गवत.

काल बँकेचा मेसेज आला.
सगुण कॅन धुऊन पडवीत उपडा ठेवत होता.
"किती गो?"
मी आकडा सांगितला.
कसला, ते त्याने विचारलं नाही.